घूंऽऽ कुठून येतंय?



या वेळचा लेख पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या घटकावर नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी एक दुरुस्ती केली, तिची हकिकत आहे. थोडी तांत्रिक आहे, पण मी बारावी आर्ट्स करून डी.एड. झालेली बाई. तेव्हा मला जे समजलं ते तुम्हालाही समजेल.

आमच्या हॉलमध्ये एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. माझ्या बाबांनी तो १९९२ साली स्वतः बनवला. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. मुंबईला जाणं झालं की लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग आणायचे आणि रात्री जेवणं झाल्यावर जुन्या घराच्या पडवीत बसून जोडायचे. मी तेव्हा फार लहान होते, मला फक्त सोल्डरच्या राळेचा वास आठवतो. पत्र्याची पेटी, मागे काळं हीट सिंक, त्यावर २एन३०५५ चे चार ट्रान्झिस्टर, पुढे आवाजाचे दोन नॉब. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर कपड्यांची एक बॅग आणि हा ॲम्प्लिफायर, एवढंच सामान होतं.

रोज संध्याकाळी सातच्या बातम्या झाल्या की बाबा नाट्यसंगीत लावायचे. गेल्या पावसाळ्यानंतर ते हळूहळू बंद झालं. मला वाटलं, वय झालं, कंटाळा येत असेल. वह्या तपासणं, ऑनलाइन माहिती भरणं, या गडबडीत विचारायचं राहूनच गेलं. मग एका रविवारी मी फरशी पुसताना ॲम्प्लिफायर चालू केला आणि म्हटलं, "बाबा, केवढं घूंऽऽ वाजतंय हो हे!"

बाबा खुर्चीत सरळ झाले. म्हणाले, "तुलाही ऐकू येतंय?"

त्यांना वाटत होतं, आवाज त्यांच्या कानातच आहे. शेजारच्या काकांना कानात सतत आवाज येण्याचा त्रास आहे, आपलंही तेच झालं असणार, असं त्यांनी धरलं होतं. कुणाला बोलले नाहीत. गाणं लावणं बंद केलं, झालं. चार महिने!

त्या दिवशी मी ठरवलं की हे काम आपणच करायचं. बाबांचे हात आता थरथरतात, त्यांना सोल्डरिंग जमत नाही. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तो पेटी न उघडताच म्हणाला, "मॅडम, आतलं सगळं काढून नवीन किट टाकून देतो." माझे मिस्टर म्हणाले, नवा घेऊ. दोघांचंही चुकीचं नव्हतं, पण मला पटलं नाही.

आता माझी चूक आधी सांगते, कारण ती कुणीही करू नये. मोबाईलवर दोनचार व्हिडिओ पाहिले. एकात सांगितलं होतं की असला आवाज अर्थिंगमुळे येतो, अर्थिंग काढलं की जातो. मी बाबा झोपलेले असताना ॲम्प्लिफायरची तीन पिनांची पिन काढून दोन पिनांची लावली. चालू केला तर आवाज खरोखर निम्म्यावर आला! मी खूश. दोन दिवस घरात मिरवलं.

तिसऱ्या दिवशी माझा मुलगा आंघोळ करून तसाच ओल्या पायांनी हॉलमध्ये आला, गाणं लावायला पेटीला हात लावला आणि ओरडला, "आई, मुंग्या येतायत याला!" बाबांनी टेस्टर आणायला सांगितला. पेटीच्या पत्र्याला टेस्टर लावला तर दिवा लागला. बाबांनी मागे हात घालून पिन बघितली आणि माझ्याकडे पाहिलं. इतके रागावलेले ते मी दहावीच्या प्रिलिमनंतर प्रथमच पाहिले.

"अर्थिंग काढलंस? अगं, ते आवाजासाठी नसतं, माणसासाठी असतं. आतली फेजची वायर कधी पत्र्याला लागली तर हा पोरगा..." पुढे ते बोलले नाहीत. मलाही ऐकायचं नव्हतं. लगेच तीन पिनांची पिन परत लावली. आवाजही परत आला, पहिल्यासारखा.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. बाबा खुर्चीत, मी जमिनीवर सतरंजी टाकून. बाबांचा नियम एकच होता: पेटी उघडायची नाही, आधी बाहेरून जेवढं विचारता येईल तेवढं विचारायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी वहीत लिहीत गेले.

पहिला प्रश्न, आवाजाचा नॉब शून्यावर आणला तर घूं कमी होतं का? झालं, पण पूर्ण गेलं नाही. म्हणजे जे गेलं ते नॉबच्या अलीकडून, बाहेरच्या वायरीतून येत होतं, आणि जे राहिलं ते नॉबच्या पलीकडे तयार होत होतं. खात्रीसाठी मागच्या सगळ्या वायरी उपसून काढल्या. तरी उरलेलं घूं तसंच. दुसरा प्रश्न, एका स्पीकरमध्ये की दोन्हींत? दोन्हींत, सारखंच. डाव्या आणि उजव्या चॅनलचे ट्रान्झिस्टर वेगवेगळे, सर्किट वेगवेगळं. दोघांना एकाच दिवशी एकच आजार होणं अवघड. मग दोघांचं सामाईक काय? पॉवर सप्लाय. एकही स्क्रू न काढता आम्ही पेटीच्या एका कोपऱ्यापर्यंत पोचलो होतो. (ट्रान्सफॉर्मर स्वतःही पत्र्याला थरथरवत घुमतो, पण तो आवाज पेटीतून येतो, स्पीकरमधून नाही. स्पीकरला कान लावून ते आधीच बघून घेतलं होतं.)

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. बाबा म्हणाले, "सूर कुठला आहे बघ." परिपाठाची शाळेची पेटी सुट्टीत माझ्याकडेच होती. खालच्या सप्तकातली पांढरी पाच दाबली तर जवळजवळ तोच सूर लागला, पेटी किंचित उतरलेली. पांढरी पाचचा तो स्वर साधारण ९८ हर्ट्झ. आमचं घूं होतं १०० हर्ट्झ.

पण आपल्या विजेची आवर्तनं तर सेकंदाला ५०. मग १०० कुठून? बाबांनी वहीत लाट काढून दाखवली. भिंतीतली वीज एकदा वर, एकदा खाली अशी लाटेसारखी येते. ॲम्प्लिफायरला मात्र एकाच दिशेची वीज लागते. म्हणून ट्रान्सफॉर्मरनंतर डायोडचा ब्रिज असतो, तो खालच्या लाटा उचलून वर करतो. ५० उंचवटे वरचे होतेच, ५० खालचे वर आले, झाले १००. म्हणजे १०० चा सूर ऐकू आला तर समजायचं की ब्रिजच्या पुढे हे उंचवटे सपाट करणारं जे कुणी आहे, ते काम करत नाही. त्यांचं नाव कंडेन्सर. बाबा कंडेन्सरच म्हणतात, दुकानदार कपॅसिटर म्हणतो. पंख्यातला जातो तो आपल्याला माहीत असतो, हा त्याच्याच कुळातला, पण डब्यासारखा मोठा.

त्याचं काम गच्चीवरच्या टाकीसारखं. नळाला पाणी येतं-जातं, पण टाकी भरलेली असली की मोरीतली धार एकसारखी पडते. टाकी गाळाने भरली तर पाणी मावणार कुठे? मग धार तुटक पडते. कंडेन्सरच्या आत ओलसर रसायन असतं आणि उष्णतेने ते वर्षानुवर्षं सुकत जातं. आमचे दोन्ही कंडेन्सर हीट सिंकला खेटून बसवलेले, तेही तीस वर्षं. बाबा स्वतःवरच चिडले, "मीच मूर्ख, थोडे लांब ठेवायला काय झालं होतं."

मग पेटी उघडली. इथे पालकांना विनंती, हे काम मुलांच्या हातात देऊ नका आणि माहितगार माणूस जवळ नसेल तर स्वतःही करू नका. पिन काढली तरी कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहते. बाबांनी होल्डरला दोन वायरी जोडून त्यात जुना तारेचा बल्ब लावला आणि त्या वायरी आधी कंडेन्सरच्या दोन टोकांना टेकवायला सांगितल्या, म्हणजे साठलेली वीज बल्बमधून हळूच निघून जाते. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. तारेचा बल्ब तीन दुकानांत मिळाला नाही. शेवटी माळ्यावर, गणपतीच्या आराशीच्या खोक्यात सापडला.

आत ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे दोन कंडेन्सर. एकाचं डोकं फुगलेलं. दुसरा दिसायला ठणठणीत. मी म्हटलं, फुगलेला बदलू. बाबा म्हणाले, दिसण्यावर जाऊ नको. त्याच मापाचे, पण ६३ व्होल्टचे दोन नवे आणले (व्होल्ट जास्त चालतो, कमी नाही). जुने न काढता, वीज बंद ठेवून, नवे फक्त चिमट्यांनी त्यांच्या जोडीला लावले आणि मगच चालू केलं. घूं जवळपास गेलं! फुगलेल्याच्या जोडीचा नवा काढून पाहिला, आवाज आला. तो लावून दुसरा काढून पाहिला, तरी आवाज आला. दोन्ही गेलेले होते, ठणठणीत दिसणारासुद्धा.

पक्के बसवताना मी अडले. या ॲम्प्लिफायरला दोन बाजूंचा सप्लाय लागतो. एका तारेवर साधारण अधिक ३३ व्होल्ट, एका तारेवर उणे ३३, आणि मधली तार शून्य. कंडेन्सरला अधिक-उणे असतं, उलटा लावला तर फुटतो. पहिला सोपा गेला, त्याचं उणे शून्याला आणि अधिक वरच्या तारेला. दुसऱ्याच्या वेळी मी त्याचंही उणे शून्यालाच लावायला निघाले होते, कारण शून्य म्हणजे उणे असं डोक्यात बसलेलं. इस्त्री... म्हणजे सोल्डरिंग आयर्न हातात तापलेलं, आणि मला एकदम संख्यारेषा आठवली. उणे ३३ डावीकडे, शून्य उजवीकडे. शून्य उणे ३३ पेक्षा मोठं! म्हणजे या दुसऱ्याचं अधिक टोक शून्याकडे जायला हवं. बाबांना विचारलं तर ते नुसतेच हसले. मी चौथीला शिकवते, ऋण संख्या आमच्याकडे येतही नाहीत. आल्या असत्या तर आजवर नुसत्या फळ्यावर रेघ मारून शिकवल्या असत्या.

पहिल्यांदा चालू करताना तोच तारेचा बल्ब मेन लाइनमध्ये सिरीजला लावला. काही शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि ॲम्प्लिफायर वाचतो. आमचा बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. कंडेन्सर भरले होते. बल्ब काढला, सरळ जोडलं. वायरी काढलेल्या असताना आता स्पीकरमध्ये काहीच नाही.

मग वायरी परत लावल्या आणि घूं परत आलं!

मला रडूच यायचं राहिलं. बाबा म्हणाले, "सूर बघ." या वेळी सूर तोच, पांढरी पाच, पण अजून एक सप्तक खाली. ५० हर्ट्झ. म्हणजे सुरुवातीपासून दोन आवाज एकमेकांत मिसळलेले होते, आणि एक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे कानाला एकच वाटत होते. अर्थिंग काढल्यावर निम्मा आवाज का गेला आणि निम्मा का राहिला, तेही आता उलगडलं.

एकेक वायर लावून पाहिली. मोबाईल लावला, शांत. डीव्हीडी प्लेअर, शांत. टीव्ही लावला की घूं. टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरमधून यावा म्हणून मुलाने ती वायर मागच्या वर्षी जोडली होती. मग टीव्ही तसाच ठेवून सेट टॉप बॉक्सची केबलची वायर फिरवून काढली, आवाज गायब.

केबलची जाळी गल्लीतल्या घराघरांतून फिरत येते. प्रत्येक घरातल्या टीव्ही आणि सेट टॉप बॉक्समधून थोडी थोडी वीज त्या जाळीवर झिरपते. तिला जमिनीत उतरायला वाट हवी असते. आमच्या घरी तिला ती सापडली: केबलमधून सेट टॉप बॉक्स, तिथून टीव्ही, तिथून आवाजाची वायर, तिथून ॲम्प्लिफायरचा पत्रा आणि तिथून अर्थिंग. गाणं ज्या वायरीतून यायचं, तिच्याच बाहेरच्या जाळीतून गल्लीभरची ही गळती वाहत होती, म्हणून ती ऐकू येत होती. मी अर्थिंग काढलं तेव्हा तिची वाट बंद झाली, आवाज थांबला आणि वीज पत्र्यावरच थांबली. मग ती माझ्या मुलाच्या ओल्या पायांतून उतरायला निघाली. हे कळलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. केबलवाल्या दादांना दोनदा फोन केला, बघतो म्हणाले, अजून बघताहेत.

यावर उपाय म्हणजे टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ऑडिओ आयसोलेटर लावायचा. काडेपेटीएवढी डबी, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. गाणं चुंबकातून पलीकडे जातं, पण धातूची वाट तुटते. गाडीच्या म्युझिक सिस्टीमचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. आमच्या गावात नव्हती, ऑर्डर केली. तोवर सुट्टी संपली.

शाळा सुरू झाल्यावरचं एक सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, हातच्याच्या वजाबाकीत कायम अडतो. दोन महिने त्याला मी जादा उदाहरणं देत होते. तोही म्हणायचा, "बाई, मला वजाबाकी येतच नाही." सुट्टीनंतर तोंडी गणित घातलं, त्रेचाळीसमधून सव्वीस गेले. त्याचं उत्तर ८. नेहमीसारखी लाल फुली मारणार होते, पण मनात आलं, वायर काढून बघू. तेच उदाहरण अंकांत फळ्यावर लिहून दिलं. त्याने हातचा घेऊन १७ काढून दिले. बरोबर! मग वही बघितली. त्याने लिहिलं होतं ३४ वजा २६. आणि ३४ वजा २६ म्हणजे ८च. त्याची वजाबाकी चुकलीच नव्हती. त्रेचाळीसमधला 'त्रे' आधी ऐकू येतो, म्हणून तो ३ आधी लिहीत होता. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा किती वाद झाला होता, आठवत असेल. मीही स्टाफरूममध्ये त्यावर हसले होते. जुनी वही काढून बघितली तर निम्म्या फुल्या माझ्याच चुकीच्या होत्या. त्याला शेजारी बसवून त्या खोडल्या. आता आम्ही रोज दहा मिनिटं फक्त संख्या ऐकून लिहितो, वजाबाकी नाही. अजून सत्याहत्तर-सदुसष्ट यांत घोळ होतो, पण होईल.

पुढच्या शनिवारी आयसोलेटर आला. सकाळची शाळा करून घरी आले तेव्हा मुलाने तो जोडूनही ठेवला होता. मी आधी अर्थिंगची पिन तपासली, मग पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

बाबांनी टीव्ही म्यूट केला आणि ॲम्प्लिफायरचे दोन्ही नॉब हळूहळू पूर्ण फिरवले. स्पीकरला कान लावून बराच वेळ उभे राहिले. मग मुलाला म्हणाले, "तू ऐक रे. मला नाही ऐकू येत, पण माझ्या कानांचं काय खरं धरायचं."

मुलाने कान लावला. म्हणाला, "आजोबा, फक्त पंखा ऐकू येतोय."

बाबांनी पंखा बंद करायला लावला.